पोट भरलेला बोका आणि खाली मान घातलेला होला

आमच्या गंगापूर रोडच्या सोसायटीतला पिवळा बोका दोन घरचं दूध पितो. तरी जिन्याखाली अधूनमधून पिसांचा सडा असतोच. पिसं बहुतेक होल्याची, नाहीतर बुलबुलाच्या पिलाची. वरच्या गुलमोहरावर दिवसभर नाचणाऱ्या शिंजिराची मात्र मला अजून दिसलेली नाहीत.

बोका उपाशी नाही. मांजरात भूक आणि शिकारीची ओढ या वेगळ्या गोष्टी आहेत. पुढचा उंदीर कधी मिळेल याचा नेम नसलेल्या रानमांजराचा हा वंशज. समोर आलेली संधी तो पोटाला विचारून सोडत नाही. पण तो कुत्र्यासारखा लांब पाठलागही करत नाही. तगरीच्या बुंध्याशी पोट टेकवून बसतो, मागचे पाय जरा चुळबुळतात आणि दोन-तीन उड्यांत निकाल. म्हणून झुडपाशेजारी जमिनीवर दाणे टिपणारा होला सापडतो. सातभाईही जमिनीवरचाच पालापाचोळा उलथतात, पण टोळीनं. एखादा फांदीवर पहारा देतो आणि बोका दिसताच सगळे मिळून कलकलाट करतात.

वजनाचाही हिशेब आहे. ऑस्ट्रेलियातल्या अभ्यासात साधारण 60 ते 300 ग्रॅमचे, जमिनीवर चरणारे किंवा घरटी करणारे पक्षी मांजरांना जास्त बळी पडताना दिसले. होला, साळुंकी या मापात अगदी बसतात. कावळ्याच्या वाटेला आमचा बोका जात नाही. उलट कावळेच त्याची शेपटी ओढतात.

पिलांना मात्र हे माप लागू नाही. बुलबुलाचं घरटं बऱ्याचदा आपल्या डोक्याच्या उंचीवर असतं, आणि पिलं जेमतेम बारा दिवसांत बाहेर पडतात. तेव्हा धड उडताही येत नाही. झुडपात बसून ती चाऱ्यासाठी ओरडतात, ते आईबापांना ऐकू येतं तसं बोक्यालाही. मागच्या मे महिन्यात असं एक पिलू मी त्याच्या तोंडातून सोडवलं. रक्ताचा थेंब नव्हता, म्हणून खोक्यात ठेवून निश्चिंत झालो. सकाळी ते मेलेलं होतं. मांजराच्या लाळेतले पाश्चुरेला जिवाणू सुईच्या टोकाएवढ्या जखमेतूनही पक्ष्याच्या रक्तात शिरतात. लगेच पशुवैद्याकडे न्यायला हवं होतं.

शहराच्या कडेच्या माळांवर घरटं करणाऱ्या चंडोलाची मला जास्त काळजी वाटते. टिटवीही उघड्यावरच अंडी घालते, पण तिची पिलं काही तासांत पळू लागतात. चंडोलाची कितीतरी दिवस गवतात पडून असतात. तिथं आता बंगले उठताहेत आणि बंगल्यांबरोबर मांजरं येताहेत. शिकारी सस्तन प्राणी कधी पाहिलेच नाहीत अशा बेटांवर तर कहरच झाला. न्यूझीलंडच्या स्टीफन्स बेटावर 1894 मध्ये दीपगृह सुरू झालं, मांजरं पोचली आणि तिथला न उडणारा चिमुकला रेन पक्षी काही वर्षांतच नामशेष झाला.

इंग्लंडमध्ये 2021 साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात रोज पाच-दहा मिनिटं खेळवलेल्या मांजरांनी घरी आणलेली शिकार 25 टक्क्यांनी घटली. गळ्यात भडक रंगाची कापडी झालर घातल्यावर पक्षी 42 टक्क्यांनी कमी आले, कारण पक्ष्यांना रंग छान दिसतात. घंटेनं फरक दिसला नाही. आमच्या शेजारच्या काकूंनी बोक्याला घुंगरू बांधलंय. आठवडाभर ते वाजत होतं; आता तो दबा धरतो तेव्हा वाजत नाही.