दुधाचे दात पडणारच, पण जबडा तोच राहतो

सारसबागेत परवा एक आजी शेजारच्या बाकावरच्या बाईंना सांगत होत्या, "अहो, चोखू दे अंगठा. दुधाचे दात पडणारच आहेत, नवे सरळच येतील." नातू सहा वर्षांचा. उजव्या अंगठ्याच्या पेरावर घट्टा पडलेला. पोळीचा घास त्याला पुढच्या दातांनी तुटेना, कारण वरचे आणि खालचे दात एकमेकांना टेकतच नव्हते. मधल्या फटीत अंगठा अगदी नेमका बसत होता.

हा समज पुण्यात घरोघरी ऐकू येतो, आणि त्यातला निम्मा भाग खराही आहे. बाळ पोटात असतानाच अंगठा चोखतं. बहुतेक मुलं २ ते ४ वर्षांच्या दरम्यान ही सवय आपणहून सोडतात, आणि वेळेत सुटली तर दात बऱ्याचदा जागेवर येतात. तोवर काळजीचं कारण नाही.

पण दात पडले तरी जबड्याचं हाड तेच राहतं. रोज तासन् तास अंगठ्याचा दाब पडला, की वरचे दात पुढे येतात आणि गाल आत ओढले जाऊन टाळू अरुंद होते. सहाव्या-सातव्या वर्षी पक्के दात येतात ते याच जबड्यात.

सवय सुटावी म्हणून अंगठ्याला मिरची लावू नका हो, तोच हात डोळ्यांत जातो. रागावल्यानेही मूल लपून चोखतं. कंटाळा, झोप, भीती, नेमकं कशामुळे तोंडात जातो ते बघा. चौथ्या वर्षानंतरही सवय टिकली, तर मुलांच्या दंतवैद्यांना एकदा दाखवाच.