हडळीचे चौदा वार: हार्ड मोडमध्ये मेंदू नेमकं काय शिकतो

विचर ३ या व्हिडिओ गेममध्ये अगदी सुरुवातीला एक काम मिळतं. ओसाड पडलेलं गाव, तिथली जुनी विहीर, आणि भर दुपारी तिच्याभोवती फिरणारी नूनरेथ, म्हणजे आपल्या भाषेत सरळ हडळच. सोप्या लेव्हलवर खेळलात तर दोन-तीन मिनिटांत विषय संपतो. पण डेथ मार्चवर, म्हणजे या गेमच्या सगळ्यात अवघड डिफिकल्टीवर, तिचे एक-दोन पंजे बसले की गेरॉल्ट, म्हणजे आपण खेळतो तो नायक, आडवा, परत लोडिंग स्क्रीन, परत तीच विहीर. मी त्या विहिरीपाशी अख्खी संध्याकाळ घालवली आणि हडळ काही मेली नाही. झोपायला जाताना मात्र डोक्यात एकच प्रश्न घोळत होता, की मी एवढ्या वेळा हरले तरी दर वेळी थोडी पुढे कशी जात होते? स्क्रीनवर तर प्रत्येक वेळी तेच, तुम्ही मेलात.

याचं उत्तर शोधायला एक साधी आकडेमोड पुरते आणि ती मला इतकी आवडली की ती आधी सांगते. समजा एका फाईटमध्ये हडळ तुमच्यावर चौदा वार करते आणि एक जरी बसला तरी खेळ खलास. तुम्ही प्रत्येक वार ८५ टक्के वेळा चुकवता. हे काही वाईट नाही, बऱ्यापैकी हात बसलाय असंच कुणीही म्हणेल. पण चौदाच्या चौदा वार चुकवायचे तर चौदा वेळा ०.८५ घेऊन त्या सगळ्यांचा गुणाकार करायचा, आणि उत्तर येतं साधारण १० टक्के. म्हणजे वार चुकवण्यात तुम्ही शंभरपैकी ८५ मार्कांचे, आणि फाईटच्या हिशोबात दहापैकी नऊ वेळा मेलेले! आता ८५ चे ९५ झाले तर जिंकायची शक्यता एकदम ४९ टक्क्यांवर जाते, आणि ९९ झाले तर ८७ वर. हातात आलेली सुधारणा छोटी, निकालातला फरक प्रचंड. हार्ड मोड, म्हणजे डेथ मार्चसारखी मुद्दाम अवघड ठेवलेली पातळी, लहान फरक असा मोठा करून दाखवतो, आणि ज्या दिवसांत तुम्ही ८० वरून ८५ वर सरकत असता त्या दिवसांत तो जवळपास काहीच दाखवत नाही. लोक नेमके त्याच दिवसांत गेम सोडून देतात, याचं मला खरंच वाईट वाटतं.

याच हिशोबातून अजून एक गोष्ट निघते. ८५ टक्क्यांवर असताना पहिले सात वार पार करून पुढच्या सातांपर्यंत तुम्ही पोचता ते साधारण तीनातून एकदा. म्हणजे बॉसच्या, हडळीसारख्या मोठ्या शत्रूच्या, सुरुवातीच्या चालींचा सराव भरपूर होतो आणि शेवटच्या चालींचा अगदीच थोडा. हडळीचं हेल्थ अर्ध्यावर आलं की ती स्वतःच्या प्रतिकृती काढते, त्या गोल फिरत राहतात आणि तिचं हेल्थ परत भरायला लागतं. हा भाग मला भयंकर अवघड वाटायचा. असेलही थोडा अवघड, पण खरं कारण हे की तो मी फार कमी वेळा बघितला होता.

आता हा ८५ चा आकडा मी उगाच नाही घेतला. २०१९ मध्ये रॉबर्ट विल्सन आणि सहकाऱ्यांनी नेचर कम्युनिकेशन्समध्ये एक पेपर छापला, त्यात त्यांनी गणिताने दाखवलं की काही प्रकारच्या शिकणाऱ्या यंत्रणा सगळ्यात वेगाने कधी शिकतात, तर त्यांचं उत्तर साधारण ८५ टक्के वेळा बरोबर आणि १५ टक्के वेळा चूक येत असेल तेव्हा. हा हिशोब दोन पर्यायांतून एक निवडायच्या कामांचा आणि एका ठराविक पद्धतीने शिकणाऱ्या मॉडेल्सचा आहे, त्यामुळे तो जसाच्या तसा बॉस फाईटला लावता येणार नाही हे आधीच सांगते. पण त्यामागचा विचार पटतो. सगळंच बरोबर येत असेल तर कुठे सुधारायचं ते कळत नाही, सगळंच चुकत असेल तरीही कळत नाही. म्हणून मोजताना फाईट मोजायची नाही, वार मोजायचे. फाईटच्या पातळीवर दहातल्या नऊ हारा म्हणजे निव्वळ निराशा, वारांच्या पातळीवर तीच फाईट शिकायला अगदी छान जागी असू शकते.

मग या छोट्या पातळीवर मेंदू करतो काय? पहिली गोष्ट, तो वार बघून डॉज करत नाही, म्हणजे बाजूला होत नाही, तेवढा वेळच नसतो. डोळ्याला काहीतरी दिसल्यापासून बोट हलेपर्यंत माणसाला साधारण २०० ते २५० मिलिसेकंद लागतात. गेम सेकंदाला ६० फ्रेमने, म्हणजे ६० चित्रांनी, चालत असेल तर एक फ्रेम १६.७ मिलिसेकंदांची, म्हणजे तुमचं बोट हलेपर्यंत १२ ते १५ फ्रेम निघून गेलेल्या असतात, वर कंट्रोलर आणि टीव्हीचा उशीर वेगळाच. त्यात डोळ्याला दिसलेलं ओळखायचं, हा वार कुठला ते ठरवायचं, मग दोन बटणांतून एक निवडायचं, असं म्हटलं तर वेळ आणखी वाढतो. त्यामुळे पंजा हलताना दिसला की दाबू असं म्हणणारा मरतोच. जगतो तो आधी काय झालं ते बघणारा, खांदा मागे गेला का, ती दिसेनाशी होण्याआधी कुठे वळली होती, ओरडली का. कानावर आलेल्या आवाजाला आपण डोळ्यापेक्षा थोडं लवकर उत्तर देतो, म्हणून आवाज बंद करून हार्ड मोड खेळू नका ही माझी कळकळीची विनंती.

क्रिकेटमध्ये हेच मोजलं गेलंय. मायकल लँड आणि पीटर मॅकलिओड यांनी २००० साली फलंदाजांच्या नजरेचा मागोवा घेतला, तर दिसलं की फलंदाज चेंडूवर सतत नजर ठेवतच नाही. चेंडू सुटताना बघतो आणि मग नजर उडी मारून टप्पा जिथे पडणार तिथे आधीच जाऊन थांबते, आणि चांगल्या फलंदाजाची ही उडी लवकर होते. म्हणजे नजर जिथे जायला हवी तिथे अंदाज तिला घेऊन जातो.

अंदाज कसा तयार होतो याचं सगळ्यात सुंदर उत्तर वोल्फ्राम शुल्ट्झ यांच्या माकडांवरच्या प्रयोगांतून मिळालं. माकडाला रसाचा थेंब मिळाला की मेंदूतल्या डोपामिनच्या पेशी सुरुवातीला थेंबाच्या क्षणी जोरात पेटतात. मग थेंबाआधी दर वेळी एक खूण दाखवायला सुरुवात केली, आणि काही काळाने पेशी खुणेला पेटू लागल्या, थेंबाला नाही. आणि खूण दाखवून थेंब दिलाच नाही, तर जेव्हा तो यायला हवा होता बरोबर त्या क्षणी पेशी नेहमीपेक्षाही गप्प होतात. १९९७ मध्ये शुल्ट्झ, पीटर डायन आणि रीड मॉन्टेग्यू यांनी याचा अर्थ मांडला, की डोपामिन नुसतं मजेचं रसायन नाही, ते काय घडणार वाटलं होतं आणि काय घडलं यातला फरक सांगतं. हडळीच्या खांद्याची हालचाल ही अशीच खूण. पहिल्या संध्याकाळी माझ्यासाठी तिला काही अर्थ नव्हता, नंतर खांदा दिसला रे दिसला की बोट आपोआप डॉजवर. आणि अंदाज चुकून मार बसला की तो जो मेल्याचा क्षण येतो ना, त्यात मेंदूला मिळते चूक झाल्याची खबर, अगदी वेळेसकट. मला वाटतं हार्ड मोडमधली सगळी मजा या खबरेवर उभी आहे.

सुरुवातीला डोकं भरून जातं त्याचंही कारण आहे. एका वेळी मनात धरून ठेवता येतील अशा गोष्टी फार थोड्या, नेल्सन कोवन यांनी २००१ मध्ये सगळे अभ्यास चाळून साधारण चार असा आकडा मांडला. आता या फाईटमध्ये बघा, यर्डेन नावाचा जांभळा वर्तुळाचा सापळा टाकायचा, हडळ त्यात आली तरच तिला तलवार नीट लागते, वर्तुळ संपायची वेळ सांभाळायची, क्वेन नावाच्या मंत्राची ढाल टिकून आहे का बघायचं, स्टॅमिना, तिचं अंतर, माझं हेल्थ. सहा-सात गोष्टी झाल्या, नवख्या माणसाचं काहीतरी सुटणारच. विल्यम चेस आणि हर्बर्ट सायमन यांनी १९७३ मध्ये बुद्धिबळपटूंवर दाखवलं होतं की तरबेज खेळाडूला पटावर सुटी मोहरी दिसत नाहीत, ओळखीचे गठ्ठे दिसतात, आणि मोहरी अस्ताव्यस्त मांडली की त्याची ही कमाल बहुतेक नाहीशी होते. तसंच इथे. काही तासांनी सापळा, मागे सरकणं, वाट बघणं, दोन वार आणि बाहेर, हे सगळं मिळून एकच गोष्ट होते आणि उरलेल्या जागेत विचार करायला वाव मिळतो.

म्हणूनच सगळे हार्ड मोड सारखे नसतात असं मी ठामपणे म्हणते. २०११ च्या स्कायरिम या गेममध्ये २०१३ साली एका पॅचने, म्हणजे नंतरच्या अपडेटने, लेजेंडरी नावाची डिफिकल्टी आली. तिथे तुम्ही दिलेलं डॅमेज पाव पट होतं आणि तुम्हाला बसणारं तिप्पट. जो शत्रू दहा घावांत पडायचा तो आता चाळीस घाव खातो, पण चाली त्याच, डोकं तेच. अकराव्या घावापासून चाळिसाव्यापर्यंत तो तुम्हाला नवीन काहीच सांगत नाही, अंदाजात आणि घडण्यात फरकच नाही मग शिकणार काय? वर याचा परिणाम असा की बरेच जण शेवटी लपूनछपून खंजिरावर येतात, कारण योग्य पर्क, म्हणजे खास कौशल्य, घेतला की चोरून मारलेला खंजीर १५ पट लागतो, त्याचा पाव म्हणजे ३.७५ पट, बाकी कुठल्याही घावापेक्षा हे परवडतं. नुसते आकडे फुगवून खेळायच्या वाटा वाढत नाहीत, कमी होतात. याउलट डेथ मार्चवर ध्यानाला बसून हेल्थ भरत नाही, एवढ्या एका बदलाने खाणं, पोशन, तेल, फाईटच्या आधीची सगळी तयारी यांना अर्थ येतो. बाल्डर्स गेट ३ या गेमच्या ऑनर मोड नावाच्या अवघड प्रकारात बॉसना नव्या चालीच दिल्यात. असं काही केलं की मेंदूला परत नवीन खुणा शोधाव्या लागतात.

बाल्डर्स गेटवरून फाशांचं सांगायलाच हवं. तिथे वीस बाजूंचा फासा असतो, संवादात तुमचं म्हणणं चालतं की नाही हे त्यावर ठरतं, आणि अशा तपासणीत १ पडला की थेट अपयश, कितीही बोनस असला तरी. शक्यता फक्त ५ टक्के, पण अशा चौदा तपासण्यांत एकदा तरी १ पडायची शक्यता ५१ टक्के, आपल्या हडळीचाच हिशोब उलटा. ॲडव्हान्टेज मिळालं, म्हणजे दोनदा टाकून मोठा आकडा घ्यायचा, तर ५० टक्क्यांचे ७५ होतात आणि १ पडायची शक्यता चारशेत एक. आपलं मन हे मानायला तयार नसतं, ९० टक्के लिहिलं की आपण ते नक्की असंच वाचतो. फायर एम्ब्लेम या गेमच्या मालिकेने तर यावर वेगळाच उपाय काढला, २००२ पासूनच्या अनेक भागांत स्क्रीनवर दिसतो तो खरा आकडा नसतोच. गेम दोन रँडम नंबर काढून त्यांची सरासरी घेतो, त्यामुळे ९० लिहिलेला वार प्रत्यक्षात ९८.१ टक्के लागतो आणि १० लिहिलेला फक्त २.१ टक्के. गेम खोटं बोलतो आणि खेळणाऱ्याला तो जास्त खरा वाटतो!

बाल्डर्स गेटच्या ऑनर मोडमध्ये सेव्ह, म्हणजे जिथून खेळ परत सुरू करता येतो ती नोंद, एकच, सगळे मेले की तो प्रवास संपला. काही जणांना पहिल्याच वेळी यात उडी मारायची असते, त्यांना मी थांबवते. रॉबर्ट यर्कीज आणि जॉन डॉडसन यांनी १९०८ मध्ये उंदरांना दोन खोक्यांतला फरक ओळखायला शिकवलं, चुकलं की विजेचा झटका. फरक ठळक होता तेव्हा झटका जोराचा असला की उंदीर लवकर शिकले, पण फरक बारीक होता तेव्हा जोराच्या झटक्याने शिकणं उलट मंदावलं. आधीच अवघड गोष्ट, त्यात साठ-सत्तर तासांचा खेळ जाईल ही भीती, अशा अवस्थेत माणूस नवीन काही करून बघतच नाही, जुनं तेच सांभाळत बसतो. आधी मरायची मुभा असलेल्या मोडमध्ये शिकून घ्या, एकच सेव्हची मजा नंतर.

आणि अडकलात की झोपा, हे मी मनापासून सांगतेय. मॅथ्यू वॉकर आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये लोकांना बोटांनी आकड्यांचा एक क्रम पटापट टाईप करायला शिकवला. रात्रीची झोप झाल्यावर मधे कुठलाही सराव नसताना वेग साधारण २० टक्के वाढला, तेवढेच तास जागं राहून मात्र विशेष काही वाढलं नाही. त्याआधी २००० मध्ये रॉबर्ट स्टिकगोल्ड यांनी लोकांना टेट्रिस खेळायला लावलं, तर झोप लागता लागता त्यांना पडणारे ठोकळे दिसायचे, आणि हे अशांनाही झालं ज्यांची स्मृती मेंदूच्या इजेमुळे गेलेली आणि आपण हा गेम खेळलोय हेच आठवत नव्हतं.

मला त्या रात्री ठोकळ्यांऐवजी जांभळं वर्तुळ दिसत होतं. दुसऱ्या दिवशी मी फाईट मोजल्या नाहीत, वार मोजले, किती चुकवले ते कागदावर रेघा मारून. चौथ्या की पाचव्या वेळी तिच्या प्रतिकृती गोल फिरायला लागल्या, एकेक करून संपल्या, ती परत समोर आली आणि वर्तुळात शिरली. ती कोसळली तेव्हा तिच्या हेल्थ बारकडे माझं लक्षच नव्हतं, मी अजून तिच्या खांद्याकडे बघत होते.