कालकुपी पुरायची की ठेवायची? अमेरिकेच्या अडीचशेव्या वर्षाच्या कायद्याची पार्श्वभूमी

अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या अडीचशेव्या वर्षाची आखणी करणारा आयोग २०१६च्या कायद्याने नेमला गेला. कालकुपीचं, म्हणजे पुढच्या पिढ्यांसाठी वस्तू बंद करून ठेवायच्या डब्याचं, कलम त्याच कायद्यात आहे: वर्धापनाशी संबंधित पुस्तकं, हस्तलिखितं, छापील कागद, स्मृतिवस्तू यांचा प्रातिनिधिक भाग कुपीत घालायचा, ती ४ जुलै २०२६ला फिलाडेल्फियाच्या इंडिपेंडन्स मॉलमध्ये पुरायची आणि ४ जुलै २२७६ला उघडायची. संसदेच्या स्वतंत्र कुपीचं विधेयकही पुढे आलं. उघडायची तारीख तीच.

जागा आणि तारीख कायद्यात का लिहायची, हे मागचं पाहिलं की पटतं. १८७६ची शताब्दीची, पुढच्या पिढ्यांसाठी वस्तू भरलेली तिजोरी अमेरिकी संसदभवनात पोचली आणि पुढे पायऱ्यांखाली धूळ खात पडली. १९७६मध्ये ती उघडली. त्याच वर्षी देशभरातून जमवलेल्या सुमारे २ कोटी २० लाख सह्या द्विशताब्दीच्या कुपीत जायच्या होत्या. समारंभाच्या दिवशीच त्या पेनसिल्व्हेनियातल्या व्हॅली फोर्जला उभ्या गाडीतून चोरीला गेल्या.

आपलं उदाहरण याहून बोलकं आहे. १५ ऑगस्ट १९७३ला लाल किल्ल्यात कालपात्र पुरलं ते सरकारी निर्णयाने. त्यामागे संसदेचा कायदा नव्हता. आतल्या इतिहासात एकाच घराण्याचा गौरव आहे, असा आरोप झाला आणि १९७७मध्ये सत्ता बदलताच ते उकरून काढलं. निर्णयाने पुरलेलं निर्णयानेच वर आलं.

खरा वादाचा शब्द ‘पुरणे’ हा आहे. जतन करणाऱ्यांचा सल्ला असतो की कुपी जमिनीवर, कोरड्या इमारतीत ठेवावी, आणि तोच बरोबर आहे. कारण पाणी. १९५७मध्ये ओक्लाहोमातल्या टल्साला नवीकोरी प्लिमथ गाडी काँक्रीटच्या हौदात पुरली. २००७ला झाकण निघालं तेव्हा आत पाणी साचलेलं आणि गाडी गंजून गेलेली. काँक्रीट पाझरतं, सांधे उघडतात, भूजल वाट काढतं. १९३८मध्ये न्यूयॉर्कला पुरलेल्या कुपीसाठी (इंग्रजीतलं ‘टाइम कॅप्सूल’ हे नाव तिच्यापासून रूढ झालं) तांब्याचं मिश्रधातू, आत काच, हवेऐवजी नायट्रोजन आणि ५० फूट खोली इतका जामानिमा लागला. शिवाय ती कुठे आहे हे सांगणारं पुस्तक कित्येक ग्रंथालयांत पाठवलं गेलं. मला ही शेवटची खबरदारी धातूइतकीच मोलाची वाटते.

कायदा पुरायलाच सांगतो, तेव्हा बाहेरच्या खड्ड्याला निचरा हवा आणि कुपी तळाला न टेकता उंचवट्यावर हवी. डबा स्टेनलेस स्टीलचा. झाकण घट्ट बसवणारी रबरी चकती (गॅस्केट) अडीचशे वर्षं टिकत नाही, म्हणून सांधा वेल्डिंगचा. त्याची धग कागदाला लागू नये म्हणून सांध्याजवळ जागा मोकळी सोडतात. आतली आर्द्रता ३५ ते ४० टक्क्यांच्या आसपास आणून हवा काढतात आणि आर्गॉन हा निष्क्रिय वायू भरतात. प्रत्येक कागद आम्लविरहित पाकिटात किंवा पॉलिस्टरच्या पिशवीत जातो.

नासाडी आतूनही होते. पीव्हीसी प्लास्टिकच्या फोल्डरमधून आम्ल सुटतं, रबरातलं गंधक चांदी काळी करतं, बॅटरी फुटून सगळ्यावर पसरते. वर्तमानपत्राचं कात्रण शेजारचा चांगला कागदही पिवळा करतं. म्हणून मूळ कात्रणाऐवजी टिकाऊ कागदावरची त्याची प्रत ठेवावी.