जबानीतील तफावत आणि स्मृतीचे विज्ञान

ब्रिटनमध्ये राजकीय छळाच्या कारणावरून आश्रय मागणाऱ्या माणसाची जबानी सहसा दोनदा घेतली जाते. पहिली अर्ज करताना, थोडक्यात. दुसरी सविस्तर, आणि पुष्कळदा काही महिने उलटल्यावर. निर्णय देणारा अधिकारी दोन्ही जबान्या शेजारी ठेवून वाचतो. एकीत अटक मार्चमध्ये आणि दुसरीत मेमध्ये झाली असेल, आधी चार असलेले पोलीस नंतर सहा झाले असतील, तर ‘कथन विश्वासार्ह नाही’ असा शेरा मारणे सोपे जाते. खरा अनुभव माणूस प्रत्येक वेळी सारखाच सांगतो, हे या शेऱ्यामागचे गृहीतक आहे. स्मृतीच्या अभ्यासकांनी ते तपासले आणि ते टिकले नाही.

जबानीला एवढे महत्त्व येते ते या दाव्यांच्या स्वरूपामुळे. १९५१ च्या जिनिव्हा करारानुसार वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, विशिष्ट सामाजिक गटाचे सदस्यत्व किंवा राजकीय मत यांपैकी एखाद्या कारणावरून छळ होईल अशी साधार भीती असल्यामुळे देशाबाहेर असलेली व्यक्ती निर्वासित ठरते. छळ करणारे सरकार छळाची पावती देत नाही, आणि मागे राहिलेले साक्षीदार बोलले तर तेच अडचणीत येतात. म्हणून पुराव्याची पातळी मुद्दाम खाली ठेवलेली आहे. छळाची शक्यता दहा टक्के असली तरी भीती साधार असू शकते, असे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८७ मध्ये म्हटले. संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासितविषयक उच्चायुक्तालयाची मार्गदर्शिकाही संशयाचा फायदा अर्जदाराला द्यावा असे सांगते. मात्र त्यासाठी त्याचे कथन एकंदरीत विश्वासार्ह वाटले पाहिजे, ही तिची अट आहे. म्हणजे सारा भार फिरून जबानीवरच येतो.

२००२ मध्ये जेन हर्लिही, पीटर स्क्रॅग आणि स्टुअर्ट टर्नर यांनी ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये एक साधा पण मार्मिक प्रयोग प्रसिद्ध केला. कोसोव्होतील २७ आणि बोस्नियातील १२ निर्वासितांना त्यांनी आयुष्यातील एक आघाताचा आणि एक साधा प्रसंग सांगायला लावला, आणि ३ ते ३२ आठवड्यांच्या अंतराने त्याच प्रसंगांविषयी तेच प्रश्न पुन्हा विचारले. या सर्वांना ब्रिटनमध्ये राहण्याची परवानगी आधीच मिळालेली होती, त्यामुळे संशोधकांपुढे खोटे बोलून त्यांना काही मिळवायचे नव्हते. तरीही प्रत्येकाच्या दोन कथनांत तफावत आढळली. स्वतः सांगणाऱ्यांना जे तपशील दुय्यम वाटत होते, त्यांत ती अधिक होती. आणि आघातोत्तर तणावाची लक्षणे ज्यांच्यात तीव्र होती, त्यांच्या बाबतीत दोन मुलाखतींमधील अंतर वाढेल तशी ती वाढत गेली. याचा अर्थ असा की, ज्याच्यावर खरोखरच अत्याचार झाला आहे आणि ज्याची सुनावणी लांबली आहे, तोच या कसोटीवर नापास होण्याचा धोका अधिक.

याची कारणे फारशी गूढ नाहीत. भीतीच्या क्षणी लक्ष धोक्यावर एकवटते आणि बाकीचे नीट नोंदलेच जात नाही. जे नोंदले जाते तेही आठवताना दर वेळी नव्याने जुळवले जाते, आणि प्रश्न कोणी, कसा विचारला यावरही ती जुळणी बदलते. अमेरिकी लष्कराच्या बनावट युद्धकैदी छावण्यांत पाचशेहून अधिक प्रशिक्षित सैनिकांवर झालेल्या, २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, कठोर चौकशीला सामोरे गेलेल्या सैनिकांना सुमारे एका दिवसानंतर आपली चौकशी करणारा माणूस ओळखणे सौम्य चौकशी झालेल्यांपेक्षा बरेच अवघड गेले. तारखांचे तर वेगळेच. इथिओपियाचे वर्ष १३ महिन्यांचे आणि आपल्या नेहमीच्या सनापेक्षा सात-आठ वर्षे मागे. इराणचे वर्ष मार्चमध्ये सुरू होते. हा हिशेब दुभाषी तिथल्या तिथे, तोंडी करतो. आपल्याकडेही जुनी माणसे मुलांचे जन्म कोयनेच्या भूकंपावरून किंवा बहात्तरच्या दुष्काळावरून सांगत, आणि त्यांना कोणी खोटारडे म्हणत नसे.

चेहऱ्यावरून खोटेपणा ओळखता येतो, या समजुतीचीही तीच गत आहे. चार्ल्स बाँड आणि बेला डीपॉलो यांनी २००६ मध्ये शेकडो प्रयोगांचे निष्कर्ष एकत्र केले, तेव्हा खरे-खोटे ओळखण्याचे सरासरी यश ५४ टक्के निघाले. नाणे उडवले तरी ५० टक्के पडतात.

राजकीय दाव्यांत आणखी एक परीक्षा असते: पक्षाची स्थापना कधी झाली, झेंड्यावर काय आहे, सरचिटणीस कोण. पत्रके वाटणाऱ्या किंवा मोर्चात चालणाऱ्या माणसाला हे ठाऊक असेलच असे नाही, आणि छळणाऱ्यालाही त्याच्याशी देणेघेणे नसते. त्याने एखाद्याला विरोधक मानले की पुरे. ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये झिम्बाब्वेच्या काही अर्जदारांच्या खटल्यात याहून पुढचे पाऊल टाकले: ज्याला राजकीय मतच नाही, त्यानेही छळ टाळण्यासाठी राजवटीवरील निष्ठेचे सोंग आणावे अशी अपेक्षा करता येणार नाही.

अर्थात विसंगती म्हणजे खोटेपणा नव्हे, हे मान्य केल्याने प्रत्येक दावा खरा ठरत नाही. पाठ केलेली बनावट कहाणी खऱ्या आठवणीपेक्षा अधिक सुसंगत असू शकते, आणि ती उघडी पाडण्याचा खात्रीचा मार्ग मानसशास्त्राकडेही नाही. जे करता येते ते मर्यादित, पण माझ्या मते पुरेसे मोलाचे आहे. माणसाला आधी मोकळेपणाने सांगू द्यावे, तफावत त्याच्यापुढे ठेवून खुलासा मागावा, गाभ्याचा तपशील आणि कडेचा तपशील यांना एकाच मापाने मोजू नये, आणि त्या देशातील परिस्थितीची स्वतंत्र माहिती जोडून पाहावी. शरीरावरील खुणांसाठी ‘इस्तंबूल प्रोटोकॉल’ ही संयुक्त राष्ट्रांची मार्गदर्शिका आहे. तिच्यानुसार डॉक्टर खरे-खोटे असा निवाडा देत नाही, तर खूण सांगितलेल्या छळाशी किती जुळते ते टप्प्यांत नोंदवतो.

कायदा मात्र नेहमी विज्ञानाच्या बाजूने सरकत नाही. हर्लिहींच्या प्रयोगानंतर तीनच वर्षांनी, २००५ मध्ये, अमेरिकी संसदेने संमत केलेल्या ‘रिअल आयडी’ कायद्याने विसंगती दाव्याच्या गाभ्याशी संबंधित नसली तरी ती अर्जदाराविरुद्ध धरण्याची, आणि त्याचे हावभावही विचारात घेण्याची मुभा न्यायाधीशांना दिली.