स्लिंग मागवली अन् बॅग आली: स्लिंग स्ट्रॅप वेगळा, स्लिंग बॅग वेगळी

मागच्या पावसाळ्यात मी ऑनलाइन 'कॅमेरा स्लिंग' टाकून सर्च केलं, पहिलं जे दिसलं ते बरं वाटलं म्हणून ऑर्डर केलं, अन् पार्सल फोडलं तर आतून निघाली बॅग. मले पाहिजे होता पट्टा. चूक माझीच होती म्हणा, खाली चक्क 6 लिटर लिहिलेलं होतं, पट्ट्याले कुठं लिटर राहते काय. पण त्यानंतर तीन जणांनी विचारलं की भाऊ तू कोणती स्लिंग वापरतो, अन् त्यातल्या एकाच्या डोक्यात पट्टा होता अन् दोघांच्या डोक्यात बॅग, म्हणून हे एकदाच लिहून टाकतो.

स्लिंग स्ट्रॅप म्हणजे नुसता पट्टा, शाळेत वॉटरबॅग अडकवायचो तसा डाव्या खांद्यावरून तिरपा उजव्या कमरेपर्यंत येणारा. कॅमेऱ्याच्या बुडाशी ट्रायपॉडसाठी जे भोक असते, पाव इंचाच्या स्क्रूचं, त्यात एक स्क्रू बसतो, त्याले हुक, अन् हुक पट्ट्यावर वरखाली सरकतो. कॅमेरा कमरेपाशी उलटा लोंबकळतो, लेन्स मागं अन् खाली. फोटो काढायचा तर हात खाली न्यायचा, पकडून डोळ्यापाशी आणायचा, पट्टा खांद्यावर जागचा हलत नाही. खरी गंमत ह्याच्यातच आहे. कंपनीचा जो गळ्यातला पट्टा येते तो तुम्ही तिरपा घातला तरी स्लिंग होत नाही, कारण तो कॅमेऱ्याले दोन्हीकडून बांधलेला, कॅमेरा वर उचलला की अख्खा पट्टा मानेवरून खरडत येते, वर घामानं ओला दुपट्टा असला तर मग विचारूच नका.

स्लिंग बॅग म्हणजे एकाच पट्ट्याची बॅग. पाठीवर तिरपी घालायची, काम पडलं की काखेखालून फिरवून पोटावर आणायची, चेन उघडायची, कॅमेरा काढायचा. आत फोमचे कप्पे, लेन्स बदलताना ती पोटावर टेबलासारखी राहते, धूळ लागत नाही, सर आली तर कॅमेरा आत.

म्हणजे एकात कॅमेरा बाहेर लटकतो अन् दुसऱ्यात आत झोपतो, बाकी सगळा फरक ह्याच्यातूनच निघते.

माझं फिरणं गोंदियाकडल्या धानाच्या बांध्यांमधून, म्हणजे भाताच्या खाचरांमधून. रोवणीचे दिवस, धुरा, म्हणजे दोन बांध्यांमधला बांध, वीतभर रुंद, दोन्हीकडं गुडघाभर चिखल, अन् पाहायचं असते सारस. जगात उडणाऱ्या पक्ष्यांत सगळ्यात उंच, मान वर केली की जवळजवळ माणसाएवढा, घरटं पावसाळ्यातच करते अन् बरेचदा धानातच, म्हणून लांबूनच पाहायचं अन् लांबूनच टिपायचं. तर त्या दिवशी ती नवीन बॅगच पाठीवर होती. मामा तलावाच्या, म्हणजे जुन्या माजी मालगुजारी तलावाच्या, पाळीवर चढलो अन् समोर जोडी, चरून राहिली होती. मी बॅग पोटावर फिरवली, चेन हळूच ओढली, पण अर्ध्यात अडकली म्हणून जरा जोर लावला अन् खर्रर्र. दोन्ही माना एकदम वर. कॅमेरा निघेपर्यंत, लेन्सचं झाकण खिशात जाईपर्यंत ते दोघं पाठ करून पलीकडच्या बांधीत चालते झाले. माझ्याकडं त्या दिवसाचे पंधरा फोटो आहेत, पंधराही मागून.

स्ट्रॅप असता तर दोन सेकंदात कॅमेरा डोळ्याले लागला असता. पण स्ट्रॅपचंही ऐका. पुढच्या आठवड्यात साडेपाचशेचा पट्टा घेतला, त्याच धुऱ्यावर चप्पल चिखलात रुतली, काढाले खाली वाकलो अन् कॅमेरा कमरेवरून घरंगळत पुढं, लेन्सच्या पुढच्या हूडनं बांधीतला चिखल पळीनं घ्यावा तसा भरून घेतला. तेव्हापासून वाकायच्या आधी एका हातानं कॅमेरा धरतो. चांगल्या पट्ट्यांवर हुकाच्या पुढंमागं अडवायची क्लिप असते, ती लावली की तो सरकत नाही, माझ्या पट्ट्याले ती नव्हती. तारेच्या कुंपणाखालून जातानाही तेच, तिथं कॅमेरा आधी पलीकडं द्या, मग स्वतः जा.

अन् दुसरी, ह्याहून मोठी गोष्ट म्हणजे तो स्क्रू. चालताना प्रत्येक पावलाले कॅमेरा त्या स्क्रूभोवती थोडा थोडा फिरत राहते, अन् फिरता फिरता आटे सुटत जातेत. मले एकदा घरी आल्यावर दिसलं की स्क्रू दोन आट्यांवर आहे, पाच किलोमीटर तसाच चालून राहिलो होतो, अंगावर काटा आला. स्क्रूले खाच असली तर रुपयाच्या नाण्यानं कसा, रबराची चकती मधात आहे का पाहा, अन् वरून एक जाड दोरी कॅमेऱ्याच्या बाजूच्या कडीतून घेऊन पट्ट्याले बांधा. काही पट्ट्यांसोबत ती दोरी येते, नाही आली तर स्वतः बांधा, पण बांधाच. 150-600 सारखी मोठी लेन्स असली, जी एकटीच दोन किलोच्या आसपास भरते, तर स्क्रू कॅमेऱ्यात नाही, लेन्सच्या खालच्या पायात बसवायचा, नाहीतर सगळं वजन कॅमेऱ्याच्या अन् लेन्सच्या जोडावर येते.

वजनावरून आठवलं. लोक कॅमेऱ्याच्या वजनाचं टेन्शन घेतेत अन् पाणी विसरतेत. कॅननची 1500डी बॉडी 475 ग्रॅम, 55-250ची लेन्स 375, दोन्ही मिळून 850 ग्रॅम. आमच्याकडं एप्रिल-मेमध्ये चार-पाच तास चालायचं तर माणशी तीन लिटर पाणी लागतेच, म्हणजे तीन किलो. हे पाणी 6 लिटरच्या स्लिंग बॅगेत लेन्सांसोबत मावत नाही, अन् कोंबलं तरी सगळं एकाच खांद्यावर, तासाभरात मानेची शीर धरते. मग पाण्यासाठी पाठीवर दुसरी बॅग, अन् एका पाठीवर दोन बॅगा, ह्यात काही अर्थ नाही. म्हणून उन्हाळ्यात लांब चालायचं असलं की माझं मत सरळ स्ट्रॅपले. पाठीवर दोन पट्ट्यांची साधी सॅक, त्यावरून स्ट्रॅप. आधी स्ट्रॅप अन् वरून सॅक असं उलटं केलं तर सॅकच्या पट्ट्याखाली स्ट्रॅप दबते अन् नीट बसत नाही. हां, सॅक उतरवायची तर आधी कॅमेरा काढावा लागते, तेवढा त्रास आहे. सॅकच्या पट्ट्यावरच कॅमेरा अडकवायची धातूची क्लिपही मिळते, लहान लेन्सले मस्त, मोठी लेन्स लावली की उतारावर छातीले ठोकते.

बॅग मग कधी? जिथं फोटो थांबून थांबून काढायचे तिथं. चिखलदऱ्याले गेलो, गाविलगडच्या दरवाज्यापाशी थांबलो, वाइड लेन्स लावली, मग झूम लावली, मधात धुकं आलं, पाऊस आला, कॅमेरा आत-बाहेर, आत-बाहेर, तिथं स्ट्रॅपवाला मित्र कॅमेरा शर्टात लपवून उभा होता अन् मी आरामात. बाजारात, जत्रेतही बॅगच, गर्दीत लटकता कॅमेरा कोणाच्या कोपऱ्यानं कुठं आपटेल सांगता येत नाही. घेताना फक्त एक पाहा, बऱ्याच स्लिंग बॅगा एकाच खांद्यासाठी शिवलेल्या असतेत, डावखुऱ्या माणसाले ती उलटी पडते. दुकानात घालून, एकदा फिरवून, चेन उघडून पाहा. चेन किती वाजते तेही ऐका, मी आता ऐकतो.

मोटारसायकलवर मात्र स्ट्रॅप नकोच. खड्डा आला की कॅमेरा उडून सीटच्या लोखंडावर आदळतो, आमच्या रस्त्यावर तर दर दहा फुटाले खड्डा. गावापर्यंत बॅग, तीही पोटावर घेऊन टाकीवर टेकवलेली, अन् तिथून पाळीकडं निघताना बॅग मित्राच्या घरी ठेवून कॅमेरा स्ट्रॅपले. म्हणजे चुकून आलेली ती बॅग मी परत केलीच नाही.