चालवायची दुर्मीळ मसल कार निवडताना
ग्राहकांसाठी माहितीपत्रक

नमस्कार.

आमचं गॅरेज लहान आहे. गाडी वर उचलणाऱ्या दोन लिफ्ट आणि तीन माणसं. काम एकच: १९६४ ते १९७२ या काळातल्या अमेरिकन व्ही-८ गाड्या विकत घेण्याआधी तपासून देणं आणि घेतल्यावर त्या रस्त्यावर धावत्या ठेवणं. डेट्रॉइटच्या आसपासची आपली मराठी मंडळी बरीचशी मोटारींच्याच धंद्यात आहेत. आठवडाभर कंपनीत पुढच्या वर्षांच्या गाड्यांवर डोकं चालवतात आणि शनिवारी आमच्याकडे येऊन विचारतात, "एक जुनी, जरा वेगळी मसल कार घ्यायचीय. कुठली घेऊ?" त्यावर आम्ही आधी एवढंच विचारतो, की वर्षाला किती मैल चालवणार? उत्तर शंभर असेल तर एक गाडी, दोन हजार असेल तर दुसरी. हे पत्रक दोन हजार मैलवाल्यांसाठी लिहिलं आहे.

दुर्मीळ कशामुळे?

मसल कार मुळात दुर्मीळ नव्हतीच. १९६४ साली पॉन्टियाकने टेम्पेस्टच्या मध्यम बॉडीत ३८९ घन इंचांचं मोठं इंजिन बसवून 'जीटीओ' हा पर्याय विकायला काढला. पहिल्याच वर्षी ३२,४५० गाड्या गेल्या. कल्पनाच अशी होती, की साध्या घरच्या गाडीत मोठं इंजिन घालायचं आणि तरुण पगारदाराला परवडेल अशा किमतीला द्यायचं.

दुर्मीळ झाल्या त्या महाग पर्यायांमुळे. १९६९ च्या झेडएल-१ कमॅरोतल्या ॲल्युमिनियमच्या ४२७ इंजिनाच्या पर्यायालाच ४,१६० डॉलर पडायचे. एवढे पैसे कोण मोजणार? म्हणून अशा ६९ गाड्याच बनल्या. १९७० ची प्लिमथची हेमी (म्हणजे क्रायस्लरचं ४२६ घन इंचांचं इंजिन) 'कुडा कन्व्हर्टिबल फक्त १४. या गाड्यांबद्दल आम्हाला मनापासून आदर आहे, पण चालवण्यासाठी त्या घेऊ नका असंच आम्ही सांगतो. दर मैलाला किमतीची धास्ती वाटत असेल तर स्टिअरिंग हातात घेण्यातला आनंद उरत नाही. हेमीला चार बॅरलचे दोन कार्ब्युरेटर असतात, ते एकमेकांशी जुळवून ठेवावे लागतात, आणि ऑगस्टच्या ट्रॅफिकमध्ये तापमानाचा काटा चढताना बघत बसावं लागतं. प्लिमथ किंवा डॉजच (दोन्ही क्रायस्लरच्या) हवी असेल तर ३८३ किंवा ४४० चं इंजिन घ्या. रविवारी सकाळी किल्ली फिरवली की निघालात.

मात्र आणखी एक प्रकार आहे. संख्या कमी, गुण भरपूर, पण पोस्टरवर कधी न आल्यामुळे लोकांच्या लक्षातून सुटलेल्या गाड्या. आमच्या ग्राहकांना आम्ही बहुतेक वेळा तिकडेच वळवतो.

आमची आवड: ब्यूक जीएस स्टेज १

१९७० पर्यंत जनरल मोटर्सने स्वतःच्या मध्यम आकाराच्या गाड्यांना ४०० घन इंचांची मर्यादा घालून घेतली होती. ती उठली आणि ब्यूकने ४५५ चं इंजिन बसवलं. कागदावर स्टेज १ ची, म्हणजे त्याच्या जास्त जोरदार आवृत्तीची, ताकद ३६० हॉर्सपॉवर. खरी गंमत टॉर्कमध्ये, म्हणजे फिरवण्याच्या जोरात आहे: ५१० पाउंड-फूट, तोही अवघ्या २,८०० आरपीएमला (मिनिटाला इंजिनाचे फेरे). म्हणजे इंजिन पिळायला लागत नाही. चौथ्या गिअरमध्ये ताशी ३५ मैलांवर असताना पाय जरा दाबला की गाडी सरळ उचलते. आत ब्यूकची मऊ सीट, आवाज खोल पण डोकं न उठवणारा. चार तास चालवून उतरलात तरी पाठ धरत नाही.

याच गाडीची पिवळ्या किंवा पांढऱ्या रंगातली, पट्टे आणि स्पॉयलरवाली 'जीएसएक्स' १९७० साली ६७८ बनल्या. ती मिळाली तर नशीबच. पण साधी जीएस ४५५ चालवायला तितकीच गोड आहे, आणि पट्ट्यांसाठीचे जास्तीचे पैसे वाचतात.

तिची एक खोड सांगायलाच हवी. या इंजिनाच्या ऑईल पंपाचं घर टायमिंग कव्हरच्या ॲल्युमिनियममध्येच आहे. ते झिजलं की गार इंजिनात प्रेशर ठीक दिसतं आणि अर्ध्या तासाने, गरम झाल्यावर, सिग्नलला उभं असताना पडतं. म्हणून ब्यूक तपासताना आम्ही अर्ध्या तासाच्या आत परत फिरत नाही, आणि कारखान्याच्या लाल दिव्यावर न विसंबता स्वतःचा गेज लावतो.

दुसरं नाव ओल्ड्समोबिल ४-४-२, त्यातही १९७० ची डब्ल्यू-३० पॅकेजवाली. बोनेट उघडलं की पुढच्या चाकांवरचे लाल प्लॅस्टिकचे आतले मडगार्ड दिसतात. पहिल्यांदा बघणारा हमखास विचारतो, हे कुणी रंगवलं? ते कारखान्यातूनच तसे आले.

तिसरी एएमसीची (अमेरिकन मोटर्सची) १९६९ ची एससी-रॅम्बलर. विस्कॉन्सिनमधल्या केनोशात बनलेली, पांढऱ्यावर लाल आणि निळा, लहान चणीच्या रॅम्बलरमध्ये ३९० चं इंजिन, ३१५ हॉर्सपॉवर, फक्त चार गिअरचा मॅन्युअल. नवी असताना किंमत २,९९८ डॉलर, एकूण १,५१२ गाड्या. चालवायला धमाल. पण इथे एक नियम पाळाच: जो भाग गाडीवर नाही, तो बाजारात मिळेल असं धरून चालू नका. मस्टँग, कमॅरो, शेवेल यांचा जवळजवळ प्रत्येक पत्रा आज नवा बनतो. एएमसीचं तसं नाही. इंजिनाचे भाग मिळतात. पण दाराची पट्टी, दिव्याची कड, आतलं प्लॅस्टिक यांसाठी महिनोन्महिने शोधाशोध होते. एएमसी घ्यायची तर पूर्ण गाडी घ्या, रंग उडालेला असला तरी चालेल.

कागद आणि नंबर

खोटेपणा सर्वांत जास्त इथेच होतो, कारण साध्या गाडीला भारी गाडीची चिन्हं लावायला एक शनिवार-रविवार पुरतो.

प्रत्येक कंपनीची तऱ्हा वेगळी आहे. क्रायस्लरच्या गाड्या या बाबतीत सरळ: डॅशबोर्डवरच्या व्हिन नंबरातलं (गाडीच्या ओळख क्रमांकातलं) पाचवं अक्षर १९७० साली इंजिन सांगतं. 'आर' म्हणजे ४२६ हेमी, 'व्ही' म्हणजे तीन कार्ब्युरेटरवालं ४४०. पॉन्टियाकच्या जीटीओचा नंबर १९६६ पासून २४२ ने सुरू होतो. १९६४ आणि ६५ च्या गाड्यांत तो फरक नाही, तिथे पॉन्टियाक हिस्टॉरिक सर्व्हिसेसकडून कारखान्याच्या नोंदीची प्रत मागवावीच लागते. १९६७ पासूनच्या फोर्डसाठी मार्टी रिपोर्ट, म्हणजे कारखान्याच्या नोंदींवरून काढलेला अहवाल, मिळतो.

शेवरोलेची गोष्ट अवघड. १९७० च्या शेवेलचा नंबर १३६३७ ने सुरू झाला तर एवढंच कळतं, की ही व्ही-८ इंजिनाची दोन दारी मालिबू आहे. आत ३०७ होतं की ४५० हॉर्सपॉवरचं एलएस-६, हे तो नंबर सांगत नाही. अमेरिकेत विकलेल्या त्या काळच्या शेवरोलेंच्या गाडीनिहाय नोंदी कंपनीकडे उरलेल्या नाहीत. मग पुरावा म्हणजे बिल्ड शीट. कारखान्यात जोडणीच्या वेळी वापरलेला हा कागद कधी मागच्या सीटच्या स्प्रिंगमध्ये, कधी पेट्रोलच्या टाकीवर अडकून राहिलेला असतो. आम्ही सीट उचलून बघतो. पन्नास वर्षांचा तो कागद पिवळा पडलेला, स्प्रिंगच्या गंजाचे गोल डाग पडलेला, हातात घेतला की कोपरा तुटणारा. सापडला तर ओढू नका; आधी जागच्या जागी फोटो घ्या.

दुसरी जागा इंजिनावरची. शेवरोलेच्या व्ही-८ ला उजव्या हेडच्या पुढे एक छोटी सपाट पट्टी असते, तिच्यावर इंजिनाचा कोड आणि व्हिनचा काही भाग ठोकलेला असतो. चिंधीला थोडं सॉल्व्हंट लावून ती पुसायची आणि टॉर्च आडवी धरून बघायची. कारखान्याच्या ब्रोचिंग मशीनच्या (पृष्ठभाग सपाट कापणाऱ्या यंत्राच्या) बारीक, समांतर रेघा दिसायला हव्यात. रेघा नाहीत किंवा गोल-गोल ओरखडे आहेत, आणि तरी अंक मात्र ठसठशीत? तर अंक नंतर ठोकलेत. "इंजिन उघडलं तेव्हा ती बाजू मशीनवर घासली," असं उत्तर मिळतं. घासली असेल, पण मग जुना नंबरही घासून जायला हवा होता.

एक गोष्ट आम्ही ठामपणे सांगतो. मूळ इंजिन नसणं हा दोष नाही, ते लपवणं हा दोष आहे. बदललेलं इंजिन उघडपणे सांगून, त्या हिशेबाने किंमत लावलेली खरी स्टेज १ किंवा खरी ४-४-२ ही चालवणाऱ्यासाठी उत्तम खरेदी आहे.

पत्रा

इंजिन दुरुस्त करता येतं, कुठेही. कुजलेला पत्रा मात्र घर खातो. मिशिगन, ओहायो, इलिनॉय इथे हिवाळ्यात रस्त्यावर मीठ पडतं, आणि या गाड्या तेव्हा रोजच्या वापरातल्या होत्या.

मागच्या चाकांच्या कमानी, डिकीची जमीन, पुढच्या मडगार्डचा खालचा भाग हे सगळेच बघतात. आम्ही आधी पुढच्या काचेच्या खालची जागा बघतो. वायपरच्या जाळीत पाण्याची बाटली ओतायची आणि पुढच्या सीटखालच्या गालिच्यावर हात ठेवून थांबायचं. गालिचा ओला झाला तर आतला पत्रा गेला, आणि तिथे पोचायला अर्धी गाडी उघडावी लागते. व्हिनाइलचं छप्पर असेल तर काचांच्या कडेने बोट फिरवा. खाली फुगीर, कुरकुरीत लागलं तर ओल साठून गंज चढला आहे. पत्र्यावर लांबी (पुट्टी) भरलेली आहे का ते लोहचुंबकाने कळतं, पण पातळ थरावर चुंबक फसतो, म्हणून आम्ही रंगाची जाडी मोजणारं यंत्र बरोबर नेतो.

आमच्या हातूनही चूक झालेली आहे. सुरुवातीच्या काळात एक जीटीओ आम्ही विक्रेत्याच्या शेडमध्ये, पावसात, लिफ्टशिवाय, फक्त खाली वाकून बघितली. काळं अंडरकोटिंग ताजं होतं, कागद चोख होते, आम्ही होकार दिला. दोन महिन्यांनी ती आमच्याच लिफ्टवर चढली तेव्हा मागच्या ॲक्सलच्या वर चासीत स्क्रूड्रायव्हर आरपार गेला. ग्राहकाची मजुरी आम्ही घेतली नाही, पण त्याचा सगळा उन्हाळा गेला, तो परत देता आला नाही. तेव्हापासून लिफ्टवर चढवल्याशिवाय कुठल्याही गाडीला आम्ही लेखी अहवाल देत नाही. विक्रेता जवळच्या गॅरेजच्या लिफ्टवर न्यायला तयार नसेल तर तिथेच थांबा.

चालवताना

घेण्याआधी मागच्या ॲक्सलचा रेशो, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्यामागे इंजिनाकडून येणारा दांडा किती फिरतो ते, विचारा. ४.१० असेल तर ताशी ७० मैलांवर इंजिन सुमारे ३,७०० आरपीएमला ओरडत राहतं, ३.०८ असेल तर २,८०० च्या आसपास. ग्रँड रॅपिड्सला जाऊन यायचं असेल तर हा फरक हॉर्सपॉवरपेक्षा मोठा आहे.

ब्रेकबद्दल जास्त गंभीर. १९६७ च्या आधीच्या बहुतेक गाड्यांत मास्टर सिलिंडर एकेरी असतो: कुठेही एक नळी फुटली की चारही चाकांचा ब्रेक जातो. अशी गाडी घेतलीत तर दुहेरी सिलिंडर बसवल्याशिवाय आम्ही ती ताब्यात देत नाही. मूळचा भाग डब्यात घालून तुमच्याजवळ देतो. चारही ड्रम असतील तर पुढे डिस्क लावा. मुलांना मागे बसवणार असाल तर सीटचे पट्टेही बघा; मागे बहुधा फक्त कमरेचा पट्टा असतो.

आजच्या पेट्रोलमध्ये शिसं नाही आणि दहा टक्के इथेनॉल आहे. पहिल्यासाठी हेड उघडेल तेव्हा कडक व्हॉल्व्ह सीट बसवायच्या. दुसऱ्यासाठी वाट बघू नका, जुन्या रबरी नळ्या पहिल्याच आठवड्यात बदला; गरम इंजिनावर पेट्रोलचा थेंब पडणं म्हणजे आग. ऑईल जस्ताचं प्रमाण जास्त असलेलंच घाला, नाहीतर जुन्या तऱ्हेचा कॅमशाफ्ट झिजतो. प्रीमियम पेट्रोलवर गॅलनला दहा मैल मिळाले तर समाधान माना.

विमा 'ठरलेल्या किमती'चा घ्या, जिथे रक्कम आधीच दोघांनी लिहून मान्य केलेली असते. मिशिगनची ऐतिहासिक नंबरप्लेट स्वस्त आहे, पण ती रोजच्या ये-जा साठी नाही. मनात येईल तेव्हा गाडी काढायची असेल तर साधी नंबरप्लेट घ्या. आणि वसंतात बर्फ वितळला म्हणून घाई करू नका. दोन-तीन जोरदार पावसांनी रस्त्यावरचं मीठ धुऊन जाऊ द्या.

पुण्याला किंवा नाशिकला पाठवता येईल का, हेही बरेच जण विचारतात. भारतात पन्नास वर्षांवरच्या गाड्यांसाठी २०२१ पासून 'व्हीए' अक्षरांची वेगळी नोंदणी आहे, पण ती प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती अशा कामांपुरती. रोज चालवायची परवानगी नाही. डाव्या हाताच्या स्टिअरिंगवर तिथल्या कायद्याची बंधनं आहेत ती वेगळीच. चालवायला घेत असाल तर इथेच ठेवा. ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी वुडवर्ड अव्हेन्यूवर, जुन्या गाड्यांच्या ड्रीम क्रूझला, आई-बाबांना शेजारच्या सीटवर बसवून न्या.

तपासणीसाठी आम्हाला बोलवायचं असेल तर

अर्धा दिवस धरा. गाडीचा व्हिन नंबर आणि विक्रेत्याने दिलेले फोटो दोन दिवस आधी पाठवा, म्हणजे कागदांचं काम आम्ही आधीच करून येतो. आगाऊ रक्कम अहवाल हातात येईपर्यंत देऊ नका. आणि विक्रेत्याला आदल्या संध्याकाळी फोन करून एवढं सांगून ठेवा, की आम्ही येईपर्यंत इंजिन सुरू करायचं नाही. आम्ही पोचल्यावर पहिला हात बोनेटवर नाही, एक्झॉस्टच्या लोखंडावर ठेवतो. ते कोमट लागलं तर इंजिन आधीच तापवून ठेवलंय, म्हणून दुसऱ्या दिवशी परत येतो.