झाडाखालच्या कोरड्या सावलीत रिओची पट्टी

कडुनिंबाच्या बुंध्याभोवती, आंब्याखाली, कंपाउंडलगतच्या अशोकाच्या रांगेत किंवा बाल्कनीच्या स्लॅबखाली काही लावलं तरी जगत नाही, असं सांगणाऱ्या ग्राहकांसाठी हे माहितीपत्रक आहे. अशा जागी लॉन घालू नका, ते विरळ होत जातं. गोल्डन ड्युरांटाही नको. त्याचा सोनेरी रंग उन्हाचा असतो. सावलीत तो हिरवा पडतो आणि फांद्या लांबट होतात. इथे आम्ही रिओ सुचवतो. पान वरून गर्द हिरवं, खालून जांभळं. तिरंगी जातीत पांढऱ्या-गुलाबी रेघा. हे रोप मूळचं दक्षिण मेक्सिको, बेलीझ आणि ग्वाटेमालाकडचं. पानं मांसल असल्यामुळे पाणी धरून ठेवतात, म्हणून पाण्याची एखादी पाळी चुकली तरी ते तग धरतं.

तिथे रोपं का मरतात

बहुतेक वेळा पाण्यावाचून. झाडाची अन्न घेणारी बारीक मुळं वरच्या फूट-दीड फूट मातीतच पसरलेली असतात आणि तुम्ही घातलेलं पाणी नव्या रोपाच्या आधी तीच ओढून घेतात. दाट पानोऱ्याखाली हलक्या सरीचं पाणी जमिनीपर्यंत येतच नाही. त्यामुळे भर पावसाळ्यातही आंब्याखालची माती उकरली की वीतभर खाली कोरडी लागते. स्लॅबखाली तर पाऊस पडतच नाही.

आपल्या नागपूरकडची काळी माती यात भर घालते. उन्हाळ्यात तिला भेगा पडतात, कोवळी मुळं तुटतात, आणि पाणी भेगांतून सरळ खाली निघून जातं. पावसाळ्यात तीच माती चिकट होऊन मुळं गुदमरवते.

आधी सावली तपासा

दुपारी बाराला जमिनीवर पांढरा कागद ठेवा आणि त्याच्यावर फूटभर उंच हात धरा. पुसट कडांची सावली दिसली तर रिओसाठी जागा उत्तम. सावली अजिबात उमटली नाही तर रोप जगेल, पण जांभळा रंग फिका पडेल. तिथे पिवळ्या काठाची सॅन्सेव्हिएरिया बरी. कडक, रेखीव सावली पडत असेल तर ते ऊनच आहे, आणि मे महिन्यात पानं भाजतील.

घराच्या उत्तरेकडच्या पट्टीत बरेच जण फसतात. डिसेंबरात तिथे दिवसभर सावली असते. पण नागपूर साधारण २१ अंश अक्षांशावर आहे, त्यामुळे मेअखेरपासून जुलैच्या मध्यापर्यंत भरदुपारी सूर्य डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो, आणि सकाळ-संध्याकाळचं तिरपं ऊन तर त्याआधीपासूनच त्या भिंतीवर येऊ लागतं. अशा जागी ऐन नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या सर्वांत कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, हिरवी जाळी बांधावी लागेल, हे धरूनच लावा.

किती रोपं

बुटकी जात वीतभर उंचीची राहते. ती ८ इंचांवर लावा. १० फूट लांब, ३ फूट रुंद पट्टीला सुमारे ७० रोपं लागतात. मोठी जात फूट-सव्वा फूट वाढते. ती एक फुटावर, म्हणजे त्याच पट्टीत ३० रोपं. झाडाखाली आम्ही बुटकीच सांगतो. छोट्या पिशवीतलं रोप मुळांच्या बेचक्यात बसतं, मोठ्या पिशवीसाठी मुळं तोडावी लागतात.

लावणी

मृगाचे दोन-तीन चांगले पाऊस झाल्यावर लावा, जुलैअखेरपर्यंत. उन्हाळ्यात लावू नका, कितीही पाणी घालायची तयारी असली तरी.

पूर्ण वाफा खणू नका. बुंध्यापासून दोन-अडीच फूट जागा मोकळी सोडा आणि पुढे खुरप्याने मुळांच्या मधे-मधे ६ इंच रुंद, ६ इंच खोल खड्डे करा. अंगठ्याएवढं जाड मूळ आडवं आलं तर खड्डा सरकवा, मूळ कापू नका. झाडाखाली वरून फूटभर माती टाकून वाफा उंच करण्याची पद्धत आहे, ती आम्हाला मान्य नाही. त्याने झाडाच्या मुळांना हवा मिळत नाही आणि बुंध्याची साल ओली राहून कुजते. रोपांच्या नादात जुनं झाड गमावू नका.

खड्डा भरायला खणलेली माती २ भाग, कुजलेलं शेणखत १ भाग, जाड रेती किंवा बारीक मुरूम १ भाग, आणि प्रत्येक खड्ड्याला मूठभर निंबोळी पेंड. काळी माती असेल तर रेती दुप्पट घ्या. नुसत्या मुरमाच्या जागेत रेती नकोच, तिच्याऐवजी शेणखत वाढवा. रोप पिशवीत होतं तेवढंच खोल लावा. गड्डा, म्हणजे पानं जिथून फुटतात तो रोपाचा मधला भाग, मातीत बुडाला की कूज लागते.

पाणी

प्रत्येक पाळीला चौरस फुटाला एक लिटर, म्हणजे वरच्या ३० चौरस फुटांना १५ लिटरच्या दोन बादल्या. रोज शिंपडू नका. शिंपडलेलं पाणी वरचा इंचभर थर ओला करतं आणि मुळं वरच राहतात. फार वाळलेली माती पाणी पटकन पीत नाही, ते वाहून जातं. म्हणून अर्धं आधी घाला, अर्ध्या तासाने उरलेलं.

पहिला महिना दर तिसऱ्या दिवशी. पुढे पावसाळ्यात बोटभर खाली माती कोरडी लागली तरच. ऑक्टोबरच्या उन्हात पाच दिवसांनी, थंडीत आठ-दहा दिवसांनी, मार्च ते जून आठवड्यातून दोनदा. दुसऱ्या वर्षापासून उन्हाळ्यातही आठ दिवसांची पाळी पुरते.

कूलरच्या टाकीतलं उरलेलं पाणी या पट्टीत ओतू नका. पाणी उडून जाऊन क्षार मागे राहतात, आणि बोअरचं जड पाणी असेल तर आणखीच. पानांची टोकं तपकिरी होऊन वाळू लागली की आधी हेच विचारा: कूलर कुठे रिकामा होतो?

काय बिघडतं

पावसाळ्यात मधली पानं ओढताच हातात येत असतील आणि वास येत असेल तर गड्डा कुजला आहे. रोप काढा, भोवतीची माती बदला. बाजूचे निरोगी फुटवे कापून एक दिवस सावलीत सुकवा आणि नव्या जागी लावा. ते सहज लागतात.

पानगळीच्या दिवसांत कडुनिंबाचा पाला रोपाच्या मध्यात साचतो. हाताने काढा आणि तोच दोन इंच जाडीने रोपांच्या मधे पसरा, ओल टिकते. सुक्या पाल्याला उधळी (वाळवी) लागते, म्हणून जाड थर नको आणि बुंध्याला टेकवू नका.

पानांच्या बेचक्यात कापसासारखे पांढरे पुंजके म्हणजे पिठ्या ढेकूण. थोडे असतील तर ओल्या फडक्याने पुसा. जास्त असतील तर लिटरभर पाण्यात ५ मिली निंबोळी तेल आणि थोडा पातळ साबण मिसळून संध्याकाळी फवारा. गोगलगायी रात्री टॉर्च घेऊन वेचाव्या लागतात, पण हातमोजे घालूनच.

युरिया घालू नका. पानं मऊ होतात, हिरवा रंग वाढतो आणि कूज लवकर शिरते. जूनमध्ये आणि ऑक्टोबरमध्ये रोपाला मूठभर गांडूळखत पुरे.

रिओच्या चिकाने खाज सुटते. छाटताना हातमोजे घाला. लहान मुलं पानं तोंडात घालण्याच्या वयाची असतील किंवा कुत्रा त्याच जागी लोळत असेल तर ही पट्टी तिथे लावू नका.

मागच्या बाजूला उंची हवी असेल तर एक्झोकेरियाचं झुडूप घ्या, पान खालून लाल असतं. त्याला पाणी जास्त लागतं आणि त्याचाही चीक त्रासदायक आहे, म्हणून ते नळाजवळच्या टोकाला बसवा.

रोपं न्यायला येताना जागेची लांबी-रुंदी, झाड कोणतं, आणि दुपारी बाराचा त्या जागेचा एक फोटो आणा.